बिजवर नायक होतो तेव्हा : ‘आनंदी गोपाळ’ची प्रस्तावना

मराठी नाटकात किंवा सिनेमात बिजवर आला, की प्रेक्षकाने कोणाची बाजू घ्यायची हे आधीच ठरलेले असते. देवलांच्या ‘संगीत शारदा’त (१८९९) म्हातारा भुजंगनाथ कोवळ्या शारदेशी लग्न लावायला निघतो, तेव्हा नाटकगृह त्याला हसते आणि तिच्यासाठी हळहळते. ‘प्रभात’च्या ‘कुंकू’त (१९३७) व्ही. शांताराम यांनी हसे बाजूला ठेवले आणि प्रश्न ऐरणीवर आणला. शांता आपटे यांची नीरा फसवून लावलेले लग्न अखेरपर्यंत मनाने मान्य करत नाही. केशवराव दाते यांचे काकासाहेब माणूस म्हणून काही दुष्ट नाहीत. पण आपल्या हातून काय घडले हे उमगल्यावर त्यांना जगणे नकोसे होते. दुसरेपणावर दिलेली मुलगी म्हणजे अन्यायाची गोष्ट, हे समीकरण आपल्याकडे असे पक्के बसले, आणि ते बसायला कारणही होते.

मग १५ फेब्रुवारी २०१९ रोजी समीर विद्वांस दिग्दर्शित ‘आनंदी गोपाळ’ प्रदर्शित झाला. यातला नायक बिजवर. पोस्टात कारकून, डोक्याने तापट, बायकोपेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठा. बायको लग्नाच्या वेळी नऊ वर्षांची. कागदावर पाहिले तर ‘शारदा’च्या गोष्टीला शोभेल असाच जोडा. तरीही प्रेक्षक हा चित्रपट प्रेमकथा म्हणून पाहून आले, डोळे पुसत आले. त्यांचे काही चुकले, असे मला वाटत नाही. पण ही प्रेमकथा कशी झाली, कोणत्या अटींवर झाली आणि तिची किंमत कोणी मोजली, हे विचारल्याशिवाय तिचे नुसते कौतुक करणे बरे नव्हे. पुढच्या पानांत चित्रपटाबरोबर कादंबरी, चरित्रे आणि पत्रे यांच्याकडेही पाहिले आहे, ते यासाठी. ही प्रस्तावना त्या वाचनाची पूर्वतयारी आहे.

रायगडच्या किनारपट्टीवरच्या वाचकासाठी या विषयाला आणखी एक पदर आहे. आनंदीबाई जोशी म्हटले की कल्याण आठवते, कोल्हापूर आठवते, फिलाडेल्फिया आणि पुणे आठवते. अलिबागचे नाव सहसा कोणी घेत नाही. पण कल्याण आणि कोल्हापूर यांच्या मधला या जोडप्याचा मुक्काम अलिबागचा होता. गोपाळरावांची पोस्टातली बदली तिथे झाली आणि संसाराची घडी प्रथम माहेरच्या गावाबाहेर बसली ती तिथेच. माझ्या समजुतीने या प्रेमकथेचे बीज त्या मुक्कामात आहे.

आधी हकिकत थोडक्यात सांगतो. यमुना गणपतराव जोशी हिचा जन्म ३१ मार्च १८६५ चा, घराणे कल्याणचे. ३१ मार्च १८७४ रोजी, म्हणजे नऊ वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, तिचे लग्न संगमनेरच्या गोपाळ विनायक जोशी यांच्याशी झाले. मुलीला शिकवू दिले पाहिजे, ही गोपाळरावांची अट होती. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. त्या दुःखातून डॉक्टर होण्याची इच्छा बळावली. १८७८ मध्ये गोपाळरावांनी कोल्हापूरहून अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांना पत्र लिहून बायकोच्या शिक्षणासाठी साहाय्य मागितले. वाइल्डर यांनी धर्मांतराचा सल्ला दिला आणि तो पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापला. न्यू जर्सीत रोझेल इथे राहणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी दंतवैद्याकडे बसल्या बसल्या तो वाचला, आणि परदेशातल्या एका मुलीला त्यांनी स्वतः पत्र पाठवले. पुढे मुंबई, भूज, कलकत्ता, बंगालमधले श्रीरामपूर असा बदल्यांचा फेरा झाला. २४ फेब्रुवारी १८८३ ला श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी आपण अमेरिकेला का जातो यावर भाषण केले, एप्रिलमध्ये त्या नवऱ्याशिवाय बोटीवर चढल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. ११ मार्च १८८६ ला पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजची पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता हिंदू आर्यांमधील प्रसूतिशास्त्र. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली, पण त्या परतल्या त्या क्षय घेऊन. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या वारल्या. बावीस वर्षे पुरी व्हायला महिना उरला होता.

ही हकिकत शाळेच्या पुस्तकात बसते आणि तिथे ती ‘पहिली महिला डॉक्टर’ या बिरुदापाशी थांबते. चित्रपटाने बिरुदाच्या मागचे घर उघडले, हे त्याचे पहिले काम.

आता अलिबाग. आंग्र्यांचे कुलाबा संस्थान १८४० मध्ये खालसा झाले, आणि आनंदीबाई तिथे आल्या त्या काळात गाव कुलाबा जिल्ह्याचे मुख्य ठिकाण म्हणून रुळले होते. कचेऱ्या होत्या, नगरपालिका १८६४ पासून होती, कुलाबा किल्ला समोर पाण्यात उभा होता. ओहोटीला त्याच्यापर्यंत चालत जावे, भरतीला काठावरून पाहत बसावे, हा क्रम तेव्हाही हाच. कल्याणला आगगाडी १८५४ मध्येच पोचली होती. अलिबागला यायचे तर मुंबईहून मचव्याने किंवा आगबोटीने खाडीत शिरायचे आणि पुढे बैलगाडी धरायची. पावसाळ्यात समुद्र बंद झाला की डाकही रखडे. अशा गावात पोस्टाचा कारकून म्हणजे बाहेरच्या जगाशी असलेल्या संबंधाचा किल्लीदारच. परगावच्या माणसांची पत्रे रोज हाताखालून जाणाऱ्या या माणसाने पुढे आपल्या बायकोचे नशीब पत्र लिहूनच उघडावे, यात मला मोठी संगती दिसते. त्याचा हत्यारावर हात बसलेला होता.

आणि घरात? एकोणिसाव्या शतकातल्या ब्राह्मण कुटुंबात तरुण जोडप्याने दिवसाउजेडी वडीलधाऱ्यांसमोर एकमेकांशी बोलणे म्हणजे आगाऊपणा. बायकोला शिकवायचे तर माजघरातल्या डझनभर डोळ्यांना चुकवून. रमाबाई रानडे यांच्या आठवणी (१९१०) वाचल्या, तर न्यायमूर्तींसारख्या माणसाच्या घरातही शिकणाऱ्या सुनेला बायकांकडून काय काय ऐकून घ्यावे लागे ते कळते. कल्याणात तर गोपाळरावांची सासुरवाडीच दाराशी होती. अलिबागला ही गर्दी मागे पडली. शिकवणारा आणि शिकणारी यांच्यामध्ये उभे राहणारे माणसांचे कडे सुटले. नवरा-बायको एकमेकांशी बोलू लागली. ज्या काळात लग्न आधी आणि ओळख नंतर अशी रीत होती, त्या काळात प्रेमाची सुरुवात आणखी कुठून होणार?

विद्वांस यांचा हा चित्रपट मला त्यांच्या आधीच्या कामाला धरून वाटतो, तो इथे. ‘टाइम प्लीज’ (२०१३), ‘डबल सीट’ (२०१५), ‘मला काहीच प्रॉब्लेम नाही’ (२०१७) हे तिन्ही चित्रपट लग्न झालेल्या जोडप्यांचे आहेत. ‘डबल सीट’मध्ये चाळीतल्या एका खोलीत संसार मांडलेल्या जोडप्याला हक्काचा एकांत हवा आहे, आणि त्या एकांताची किंमत घराच्या हप्त्यांत मोजावी लागते. ऐतिहासिक विषय हाती घेताना या दिग्दर्शकाने पुतळा बाजूला ठेवून जोडपे उचलले. आपल्या काळातली नवरा-बायकोची धुसफूस, रुसणे, समजूत काढणे हे सारे त्याने नऊवारी आणि पगडीच्या काळात नेऊन पाहिले. ललित प्रभाकर यांचे गोपाळराव आणि भाग्यश्री मिलिंद यांची आनंदी यांच्यातले नाते पटते, त्याचे मोठे श्रेय या दृष्टीला आहे. करण शर्मा आणि इरावती कर्णिक यांच्या लेखनातही माणसे भाषणे देत नाहीत, एकमेकांशी बोलतात.

काळ उभा करण्याच्या कामाबद्दलही एक शब्द. वाडा, ओटी, माजघर, दिव्याचा उजेड, तांब्या-पितळेची भांडी या गोष्टी आपल्या मालिकांनी इतक्या चकचकीत करून ठेवल्या आहेत, की जुना काळ म्हणजे दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ वाटावे. इथे वस्तू वापरातल्या दिसतात. सुनील निगवेकर आणि नीलेश वाघ यांना या चित्रपटाच्या निर्मिती-संरचनेसाठी ६७ वा राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळाला, आणि चित्रपटाला सामाजिक विषयावरील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा. दोन्ही पुरस्कार शेजारी ठेवून पाहावेत. सामाजिक प्रश्न इथे घराच्या रचनेतूनच कळतो. कोण कुठे बसते, कोण कोणासमोर येते, पुस्तक कुठे ठेवलेले असते, यावर सारे ठरते.

या जोडप्याची गोष्ट याआधीही सांगितली गेली, आणि प्रत्येक पिढीचा गोपाळराव वेगळा निघाला. कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ मध्ये बॉस्टनहून इंग्रजीत चरित्र काढले. त्याआधी वर्षभर, पंडिता रमाबाईंच्या उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरच्या इंग्रजी पुस्तकाला आनंदीबाईंच्या कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांनी प्रस्तावना लिहिली, तीत आनंदीबाईंचीच कथा आहे. काशीबाई कानिटकरांनी मराठीत चरित्र लिहिले आणि त्यात पत्रांना मोठी जागा दिली. एका स्त्रीने दुसऱ्या स्त्रीचे चरित्र लिहावे, हीच त्या काळात नवलाची गोष्ट. १९६८ मध्ये श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ कादंबरी आली आणि गोपाळराव घराघरांत पोचले. तऱ्हेवाईक, हट्टी, पण ध्येयाने झपाटलेले. चित्रपट या कादंबरीच्या वाटेने जातो. पुढे अंजली कीर्तने यांनी ‘डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व’ या ग्रंथात कागदपत्रांचा कसून शोध घेतला, तर मीरा कोसंबी यांनी स्त्रीवादी अभ्यासकाच्या नजरेने त्याच पत्रांकडे पुन्हा पाहिले. कादंबरीत नवऱ्याच्या तऱ्हा रंजक वाटतात. कोसंबींचे लेखन वाचताना त्याच तऱ्हा अंगावर येतात.

अंगावर येणारी ही गोष्ट आता जवळून पाहू. अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी लहानपणाचा हिशेब मांडला आहे. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी मार, बाराव्या वर्षी अंगावर भिरकावलेल्या खुर्च्या आणि पुस्तके, टाकून निघून जाण्याच्या धमक्या. यातले दहावे-बारावे वर्ष कोल्हापूरच्या आधीचे, म्हणजे कल्याण-अलिबागच्या काळात मोडणारे. हिंदू बायकोला नवऱ्यापुढे बोलण्याचा अधिकार कुठला, गप्प राहणे एवढाच तिचा हक्क, असेही त्यांनी त्या पत्रात सुनावले आहे. मग त्या निवाडा देतात. तुमचे वागणे चांगले होते की वाईट, असे विचाराल तर दोन्ही म्हणेन. शेवटी जे साधले ते पाहता ते योग्य वाटते. पण लहान मुलीच्या मनावर त्याचा काय परिणाम होऊ शकतो हे पाहिले, तर ते चूकच होते, असे म्हणणे न्यायाला धरून आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय हा असा.

लिहिणारी तेव्हा विशीच्या आत-बाहेरची होती. इतके तोलून, इतके सरळ, नवऱ्याच्या तोंडावर सांगणारी स्त्री त्या शतकात मराठीत दुसरी शोधावी लागेल. मी वर अलिबागच्या एकांताचे गोडवे गायले. या पत्रानंतर त्याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. माणसांचे कडे सुटले म्हणजे शिकायला मोकळीक मिळाली, तसेच मास्तरच नवरा असलेल्या घरात माहेरचे छप्परही डोक्यावरून गेले. बायकोने स्वयंपाकात वेळ घालवला म्हणून नवऱ्याने मारले, अशी एक आख्यायिका आनंदीबाईंबद्दल सांगतात आणि ऐकणारे हसतात. उलट्या रीतीचे हसू येते खरे. पण मार तो मारच, तो तव्यासाठी असो की पाटीसाठी.

कायद्याकडेही एकदा पाहिले पाहिजे, म्हणजे हा एका विक्षिप्त माणसाचा दोष म्हणून सुटता येणार नाही. आनंदीबाईंच्या हयातीत दंडसंहितेप्रमाणे पत्नीच्या संमतीचे वय दहा वर्षे होते. ते बारा झाले १८९१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, आणि तेही महाराष्ट्र दोन तटांत फुटल्यावर. विवाहाचे किमान वय ठरवणारा सारडा कायदा यायला १९२९ उजाडले. चौदाव्या वर्षी आई होऊन दहा दिवसांत मूल गमावणारी आनंदी त्या काळात अपवाद नव्हती, नेहमीचे उदाहरण होती. अपवाद होता तो तिच्या पुढच्या वाटचालीत. मुंबईत पुस्तके घेऊन शाळेत जाताना रस्त्यावर लोक टवाळी करत, हे त्यांनी श्रीरामपूरच्या भाषणात सांगितले आहे. घरात नवऱ्याचा धाक, बाहेर लोकांचा. दोन्हींतून त्यांनी स्वतःची वाट काढली.

सव्वादोन तासांच्या चित्रपटाला हे सगळे पेलणे शक्य नव्हते. प्रेमकथा सांगायची म्हटल्यावर नवऱ्याच्या हट्टाला धार ठेवून त्याच्या मारापेक्षा त्याच्या तळमळीकडे कल देणे ओघानेच येते. गोपाळरावांचे पुढचे आयुष्यही अशा कथेत बसत नाही. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमधल्या चहाचे प्रकरण त्यांनीच घडवून आणले, टिळक-रानड्यांसह हजर असलेल्यांची नावे छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य माजवले. काही काळ ते ख्रिस्ती झाले आणि पुन्हा परतले. जगाला चिमटे काढल्याशिवाय या माणसाला चैन पडत नसे. असा माणूस संसारात कसा असेल याची कल्पना करायला फार कष्ट पडत नाहीत. त्याच वेळी हेही विसरता येत नाही, की एका सामान्य कारकुनाने पगाराची, जातीची, अब्रूची पर्वा न करता अठरा वर्षांच्या बायकोला, स्वतः सोबत न जाता, समुद्रापार पाठवले. त्या काळचे मोठमोठे सुधारक भाषणे करून घरी परत जात आणि घरात जुनेच चालू ठेवत.

मग याला प्रेम म्हणायचे का? माझे उत्तर होय असे आहे, पण ते लग्नाच्या मांडवात मिळत नाही आणि अलिबागच्या पाटीवरही नाही. तिथे दिसते ती एका माणसाची जिद्द आणि एका मुलीची सोसण्याची ताकद. प्रेम दिसते ते नंतर, अंतर पडल्यावर. फिलाडेल्फियाच्या थंडीत आनंदीबाईंनी साडी सोडली नाही, शाकाहार सोडला नाही. १८८५ मधले ते प्रसिद्ध छायाचित्र पाहा. जपानची केई ओकामी, सीरियाची सबात इस्लामबूली आणि आपली आनंदी, तिघी आपापल्या वेषात, शेजारी शेजारी. तिथे बसलेली स्त्री कोणाच्या हातची बाहुली वाटत नाही. तिच्या शिक्षणाचा बहुतेक काळ गोपाळराव तिच्यापासून कित्येक हजार मैलांवर होते. पत्र पोचायला आठवडे लागत. त्या अंतरामुळे गुरू-शिष्येचे नाते गळून पडले आणि दोन बरोबरीची माणसे एकमेकांना लिहू लागली. भांडण करण्याइतकी बरोबरी आली. ज्या नवऱ्याने वाचायला शिकवले त्याच्याच वागण्याचा निवाडा लिहिण्याइतका तिचा हात तयार झाला.

म्हणून हा चित्रपट पाहताना एक विनंती. मध्यंतरापर्यंत गोपाळरावांकडे लक्ष जाईल, ते जाऊ द्या. नंतर मात्र आनंदीच्या चेहऱ्याकडे पाहा. ती कधी मान खाली घालते, कधी वर करते, आणि कोणत्या क्षणापासून नवऱ्याकडे सरळ पाहू लागते, हे ताडून बघा. भाग्यश्री मिलिंद यांनी हा बदल कसा पेलला यावर माझ्या मते चित्रपटाची खरी परीक्षा आहे. घरात लग्नाच्या वयाची मुलगी असेल तर तिच्याबरोबर बसून पाहा आणि तिचे मत आधी ऐका. नंतर पत्रे वाचा. चित्रपटाने जे मवाळ केले ते पत्रांत कडक सापडेल, आणि पत्रांत जे कोरडे वाटेल त्याला चित्रपटातून चेहरा मिळेल. एकटे कोणतेही पुरे पडणार नाही.

‘कुंकू’तल्या नीरेने अन्याय ओळखून नकार दिला. आनंदीने त्याच अन्यायातून शिक्षण मिळवले, शिक्षणातून शब्द मिळवले आणि त्या शब्दांनी नवऱ्याला त्याची चूक दाखवली. दोघींच्या मध्ये पन्नास वर्षे आहेत, आणि आधी होऊन गेलेली आनंदीच पुढची वाटते. तिने लिहिलेली पत्रे गोपाळरावांच्या हातात पडली होती. ती फाडून टाकणे त्यांना सहज शक्य होते. काशीबाईंच्या चरित्रात ती छापली गेली, म्हणजे ती जपली गेली होती. स्वतःविरुद्धचा निवाडा ठेवून देणारा नवरा आणि तो निवाडा द्यायला न कचरणारी बायको, हे लग्न प्रेमाचे झाले याचा याहून भक्कम पुरावा मला माहीत नाही. बिजवराला नायक करण्याचा चित्रपटाचा अधिकार मी मान्य करतो, तो याच एका आधारावर.